नाताळचा फसलेला व्यंगचित्रपट

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा आणि जुन्या घराण्यांचा वृत्तांत इतर लेखकांनीं विस्तारानें दिला आहे. त्यांत भर घालण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. चिटणिसांनीं आमच्याकडे मुलांस व त्यांच्या आईबापांस उपयोगीं पडेल असें कांहीं इतिहासाचें मागितलें, तेव्हां आम्हांस प्रथम आठवला तो आमचाच एक अपराध. तो आधीं सांगून टाकतों आणि मग इतिहासाकडे वळतों.

कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या आधींच्या रविवारीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांस सभागृहांत बसवून आम्हीं एक अमेरिकन व्यंगचित्रपट दाखविला. सेमिनरींत असतांना एका मित्राच्या आग्रहावरून तो आम्हीं पाहिला होता व त्याची गोडी मनांत राहिली होती. मुंबईहून तबकडी आणविली. तिच्यावर एकाच मालिकेंतले नाताळचे दोन चित्रपट होते, एक १९६५ सालचा व दुसरा १९९२ सालचा. दोहोंत पात्रें तींच, रेखाटनाची धाटणी तीच, नांवेंही जवळजवळ सारखीं. यंत्रावर बसलेल्या तरुणाला आम्हीं घाईघाईनें चुकीचा आंकडा सांगितला आणि पडद्यावर दुसरा चित्रपट सुरू झाला. चूक आमच्या लक्षांत आली. पण दिवे मालवले होते, मुलें गप्प झालीं होतीं. म्हटलें, असूं द्या, हाही त्याच मंडळींचा आहे. पहिलीं पांच मिनिटें मुलें कुत्र्याच्या लीला पाहून हंसलीं. मग चुळबुळ सुरू झाली, मग ढकलाढकली, मग मागच्या बांकांवरून कागदाचीं विमानें. दिवे लागले तेव्हां पहिल्या रांगेंतल्या एका मुलानें आम्हांस विचारलें, "फादर, संपलें?" तो कांहीं वांड मुलगा नव्हता. त्याला खरोखरच कळलें नव्हतें.

पुढल्या नाताळास आम्हीं पहिला, म्हणजे १९६५ सालचा, चित्रपट लाविला. तो अधिक जुना, अधिक संथ, रेखाटनांत ओबडधोबड. त्यांतलें इंग्रजी मुलांस अर्धेंमुर्धेंच कळे. तरी तींच मुलें शेवटपर्यंत जागचीं हललीं नाहींत. असें कां व्हावें हें कोडें तेव्हांपासून आम्हांस सतावीत होतें. ह्या दोन चित्रपटांची हकीकत जुळवितां जुळवितां जें हातीं लागलें तें येथें मांडितों.

देखावा करून लहानथोरांस नाताळ शिकवावा ही रीति आपल्या ख्रिस्तसभेंत फार जुनी आहे. असिसीचे संत फ्रान्सिस ह्यांनीं १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो ह्या गांवीं गव्हाणींत गवत घालून, शेजारीं बैल व गाढव आणून, खेडुतांपुढें बेथलेहेम उभें केलें. चेलानोचे थॉमस ह्यांनीं लिहून ठेविलेल्या त्या वृत्तांतांत आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाहीं. संत फ्रान्सिस हे डीकन होते, आणि त्या रात्रींच्या मिस्सेंत त्यांनीं स्वतः शुभवर्तमान गाइलें व नंतर लोकांस उपदेश केला. बैल आणि गाढव सर्वांच्या लक्षांत राहिले. गाइलेलें शुभवर्तमान विसरलें गेलें. वाचकांनीं एवढें मनांत ठेवावें, पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां अमेरिकेकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशांत दूरदर्शनाचे संच घरोघर आले. (आपल्याकडे मुंबईचें दूरदर्शन केंद्र १९७२ सालीं सुरू झालें, म्हणजे ज्या काळाची ही कथा आहे त्या काळीं आपल्या गांवांत असा संच असण्याचा प्रश्नच नव्हता.) तेथील दूरदर्शन जाहिरातदारांच्या पैशावर चाले. नाताळच्या आधींच्या आठवड्यांत दुकानांत झुंबड उडते. तेव्हां त्याच सुमारास मुलांकरितां एखादा खास कार्यक्रम करवून घ्यावा व त्याच्या अधूनमधून आपल्या मालाची स्तुति करावी, हें व्यापाऱ्यांस सुचलें ह्यांत नवल नाहीं. १८ डिसेंबर १९६२ रोजीं मिस्टर मगू नांवाच्या एका मंददृष्टि म्हाताऱ्याला नायक करून डिकन्सची प्रसिद्ध नाताळकथा दाखविण्यांत आली. दूरदर्शनासाठीं मुद्दाम केलेला नाताळचा पहिला व्यंगचित्रपट तो हाच समजतात. दोन वर्षांनीं, ६ डिसेंबर १९६४ रोजीं, लाल नाकाचा रूडॉल्फ आला.

ह्या रूडॉल्फची जन्मकथा मौजेची आहे. १९३९ सालीं माँटगमरी वॉर्ड ह्या मोठ्या दुकानदार कंपनीनें गिऱ्हाइकांच्या मुलांस फुकट वाटण्यासाठीं आपल्या पदरच्या रॉबर्ट मे नांवाच्या लेखनिकाकडून सांताक्लॉसची गाडी ओढणाऱ्या एका रेनडिअरची गोष्ट लिहवून घेतली. १९४९ सालीं तिचें गाणें झालें. १९६४ सालीं बाहुल्या हलवून तिचा चित्रपट केला गेला. बाहुल्या हलविण्याचें तें बारीक काम जपानांत झालें, आणि पुरस्कर्ती होती विजेचीं उपकरणें विकणारी जनरल इलेक्ट्रिक कंपनी. दुकानांत जन्मलेली गोष्ट पुन्हां दुकानाच्याच सेवेस लागली म्हणावयाची. आम्ही तिची निंदा करीत नाहीं. मुलांस ती आवडते, आम्हांसही आवडली. एवढेंच कीं तासाभराच्या त्या नाताळांत ज्याचा जन्मदिवस त्याला जागा मिळाली नाहीं.

अशा त्या दिवसांत चार्ल्स शुल्झ ह्या व्यंगचित्रकाराकडे काम आलें. शुल्झ ह्यांचा जन्म १९२२ सालचा, मिनियापोलिस शहरांतला. वडिलांचें केशकर्तनाचें दुकान होतें. मुलगा महायुद्धांत युरोपांत लढून आला आणि चित्रें काढूं लागला. २ ऑक्टोबर १९५० पासून त्यांची चित्रमालिका वर्तमानपत्रांत येऊं लागली. तिला संपादकांनीं "पीनट्स", म्हणजे शेंगदाणे, असें नांव दिलें. तें शुल्झ ह्यांस जन्मभर आवडलें नाहीं. तिच्यांत सगळीं मुलेंच. मोठें माणूस चित्रांत येत नाहीं. नायक चार्ली ब्राउन हा नेहमीं हरणारा मुलगा, त्याचा कुत्रा स्नूपी, फटकळ लूसी, तिचा धाकटा भाऊ लायनस, जो पांघरुणाचा तुकडा कधीं हातांतून सोडीत नाहीं. शुल्झ प्रॉटेस्टंट पंथाचे, बायबलाचे निष्ठावंत वाचक, आणि रविवारच्या शाळेंत शिकविलेले गृहस्थ होते. उत्तरायुष्यांत त्यांचें देवळांत जाणें सुटलें हेंही खरें आहे, आणि तें लपविण्याचें आम्हांस कारण नाहीं.

सान फ्रान्सिस्कोचे ली मेंडेलसन नांवाचे एक तरुण निर्माते होते. त्यांनीं शुल्झ ह्यांच्यावर एक माहितीपट केला होता. तो कोणीं विकत घेतला नव्हता. १९६५ सालीं कोका-कोला कंपनीच्या जाहिरातदारांनीं त्यांस विचारलें कीं, तुमच्याजवळ नाताळासाठीं कांहीं आहे काय? जवळ कांहींच नव्हतें. मेंडेलसन ह्यांनीं "आहे" म्हणून सांगितलें आणि लागलीच शुल्झ ह्यांस कळविलें कीं, तुमचा नाताळचा चित्रपट मीं विकला आहे, आतां तो लिहावयास घ्या. एका दिवसांत कथेचा आराखडा तयार झाला. पुरा चित्रपट करण्यास अवधि मिळाला सहा महिन्यांचा. रेखाटनाचें काम बिल मेलेंडेझ ह्यांच्याकडे गेलें. हे मूळचे मेक्सिकोचे, डिस्नेच्या चित्रशाळेंत काम केलेले.

कथा साधी आहे. नाताळ जवळ आला असून चार्ली ब्राउनला आनंद कां होत नाहीं हें त्याचें त्यालाच समजत नाहीं. जिकडे तिकडे खरेदी चालली आहे. त्याची धाकटी बहीण सॅली सांताक्लॉसला मागण्यांची यादी लिहवून घेते आणि शेवटीं रोख रक्कमच चालेल असें सुचविते. कुत्र्यानें देखील बक्षिसासाठीं आपलें घर दिव्यांनीं सजविलें आहे. लूसी त्याला नाताळच्या नाटकाचें दिग्दर्शन देते, तेथें त्याचें कोणी ऐकत नाहीं. झाड आणावयास पाठविलें तर बाजारांत रंगीत अल्युमिनियमचीं झाडें उभीं आहेत, कारण त्या काळीं तशी फॅशनच होती. आणि हा नेमकें एक लांकडाचें, पानें गळत असलेलें, मरतुकडें रोपटें उचलून आणतो. सगळे त्याला हंसतात. तेव्हां तो ओरडून विचारतो कीं, नाताळ म्हणजे काय हें ठाऊक असलेलें कोणी येथें आहे काय?

लायनस पुढें होतो. रंगमंचाच्या मध्यभागीं एकटाच उभा राहतो आणि संत लूक ह्यांच्या शुभवर्तमानांतील दुसऱ्या अध्यायाचीं आठव्यापासून चौदाव्यापर्यंतचीं वचनें, मेंढपाळांची व देवदूताची हकीकत, तोंडपाठ म्हणून दाखवितो. मागें वाद्य नाहीं, टाळी नाहीं, विनोद नाहीं. देवदूत मेंढपाळांस निर्भय होण्यास सांगतो त्या ठिकाणीं लायनसच्या हातांतलें तें पांघरूण गळून पडतें. हें आम्हीं पहिल्या वेळीं पाहिलेंच नाहीं; आमच्या मुलांपैकीं एकीनें दाखविलें. संपल्यावर तो आपलें पांघरूण उचलतो, जवळ येतो आणि हाच नाताळ असें मित्राला सांगतो. सगळें मिळून फार तर दीड मिनिट.

वचनें म्हटलीं आहेत तीं १६११ सालीं छापलेल्या इंग्रजी भाषांतरांतलीं, ज्याला राजा जेम्सचें बायबल म्हणतात. तें प्रॉटेस्टंटांचें भाषांतर. त्या सनाचा अंक वाचून आम्हांस आपल्या फादर स्टीफन्स ह्यांची आठवण आल्यावांचून राहिली नाहीं. तेही इंग्रज, परंतु कॅथोलिक धर्मासाठीं मायदेश सोडून गोमंतकांत आलेले. राजा जेम्सच्या बायबलानंतर अवघ्या पांच वर्षांनीं, १६१६ सालीं, त्यांचें "ख्रिस्तपुराण" रायतूर येथें छापून निघालें, आणि बाळ येशूचा जन्म मराठी ओव्यांत गाइला जाऊं लागला. एकाच पिढींतल्या इंग्रजांनीं एकीकडे राजाच्या सभेसाठीं व दुसरीकडे साष्टीच्या शेतकऱ्यांसाठीं तीच कथा शब्दांत बसविली. असो, मूळ विषयाकडे येतों.

हें पठण चित्रपटांत घालूं नये असें खुद्द मेलेंडेझ ह्यांचें मत पडलें होतें. व्यंगचित्रांत बायबल वाचून दाखविलें असें पूर्वीं कोणीं केलें नव्हतें. लोक काय म्हणतील ही भीति होती. शुल्झ ह्यांनीं ऐकलें नाहीं. आपण नाहीं केलें तर दुसरें कोण करील, अशा आशयाचें त्यांचें उत्तर होतें. त्यांनीं आणखीही दोन हट्ट चालविले. विनोदानंतर प्रेक्षकांचें ध्वनिमुद्रित हंसें घालण्याची तेव्हां सरसकट चाल होती, ती त्यांनीं धुडकाविली. आणि मुलांचीं सोंगें करणारे नट न घेतां खऱ्या मुलांचे आवाज घेविले. सॅलीचें काम करणारी मुलगी इतकी लहान होती कीं तिला वाचतां येत नव्हतें. तिला एकेक तुकडा सांगून म्हणवून घ्यावा लागला. संगीत व्हिन्स ग्वाराल्डी ह्यांचें, पियानोवर वाजविलेलें जॅझ. मुलांच्या कार्यक्रमाला असलें संगीत कोणाला सुचलें नसतें.

प्रक्षेपणाच्या कांहीं दिवस आधीं सी. बी. एस. कंपनीच्या अधिकाऱ्यांस चित्रपट दाखविला. ते निराश झाले. फार संथ आहे, संगीत बसत नाहीं, धर्म फार आहे. वेळ आधींच जाहीर झाली असल्यामुळें एकवार दाखवावाच लागेल, पुढें मात्र ह्याचें कांहीं होणें नाहीं, असा त्यांचा निकाल पडला. आश्चर्य हें कीं, करणाऱ्यांसही तसेंच वाटत होतें. मेंडेलसन व मेलेंडेझ ह्या दोघांनीं आपण चार्ली ब्राउनचा नाश केला असें धरून चालविलें होतें. चित्रशाळेंतल्या एका चित्रकारानें मात्र हा शंभर वर्षें चालेल असें सांगितलें. त्याच्याकडे त्या वेळीं कोणीं लक्ष दिलें नाहीं.

तो दाखविला गेला गुरुवारीं, ९ डिसेंबर १९६५ रोजीं. अमलोद्भव मातेचा सण आदल्या दिवशीं होऊन गेला होता, आणि त्याच सणाच्या दिवशीं रोम येथें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची समाप्ति झाली होती. जगांतले बिशप आपापल्या सामानाची बांधाबांध करीत होते तेव्हां अमेरिकेंत सुमारें दीड कोटी घरांत एक लहान मुलगा संत लूक ह्यांचें शुभवर्तमान म्हणत होता. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध कांहीं नाहीं. पण धर्मगुरूच्या नजरेला तारखा दिसतातच. चालू असलेल्या संचांपैकीं जवळजवळ निम्म्यांवर त्या संध्याकाळीं हाच कार्यक्रम होता. त्याला एमी व पीबॉडी हीं दोन्ही पारितोषिकें मिळालीं. अधिकाऱ्यांनीं पुढील वर्षीं पुन्हां दाखविला, आणि मग दरवर्षीं. २००० पर्यंत तो त्याच कंपनीनें दाखविला, २००१ पासून ए. बी. सी. नें. २०२० सालीं त्याचे हक्क ॲपल कंपनीच्या वर्गणीच्या वाहिनीकडे गेले तेव्हां लोकांनीं इतका कल्लोळ केला कीं त्या वर्षीं व त्याच्या पुढल्या वर्षीं तो सार्वजनिक वाहिनीवरही दाखवावा लागला.

एक गोष्ट येथें प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. बाजारी नाताळावर टीका करणारा हा चित्रपट झाला तो शीतपेयवाल्यांच्या पैशानें. मूळच्या प्रतींत प्रारंभीं व शेवटीं कोका-कोलाचें नांव होतें; तें पुढें गाळलें गेलें. इतकेंच नव्हे, तर पुढील काळांत जाहिरातींस अधिक वेळ मिळावा म्हणून मूळ चित्रपटाचेच तुकडे कापीत असत. पण लायनसचें पठण कोणीं कापलें नाहीं. मंदिराच्या दारांतले सराफ सुद्धां कोठें हात लावावयाचा नाहीं हें ओळखून होते म्हणावयाचें.

आतां ज्या चित्रपटानें आम्हांस फसविलें त्याच्याकडे येऊं. २७ नोव्हेंबर १९९२ रोजीं, म्हणजे पहिल्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, त्याच सी. बी. एस. वर "पुन्हां नाताळ आला, चार्ली ब्राउन" अशा अर्थाच्या नांवाचा हा दुसरा चित्रपट आला. आदल्या दिवशीं अमेरिकेचा आभारप्रदर्शनाचा सण होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीं तेथें नाताळच्या खरेदीला तोंड लागतें. लेखन शुल्झ ह्यांचेंच, दिग्दर्शन मेलेंडेझ ह्यांचेंच, निर्मिति मेंडेलसन ह्यांचीच. ग्वाराल्डी मात्र १९७६ सालीं वारले होते. ह्या खेपेस कोणाला भीति नव्हती, कोणीं अडविलें नव्हतें, हात अधिक सफाईचा झाला होता. तरी जुन्या चित्रपटावर प्रेम करणाऱ्या पुष्कळांस तो फिका वाटला, व फिका कां वाटला हें आम्हीं दोन्ही चार वेळां पाहून शोधिलें.

पहिलें कारण उघड आहे. त्यांत एक कथा नाहीं. वर्तमानपत्रांतून वेळोवेळीं आलेले चुटके एकापुढें एक ओवले आहेत. चार्ली ब्राउन नाताळच्या फार आधीं दारोदार हिरव्या फांद्यांचीं कडीं विकावयास जातो, सुटींत पुस्तक वाचावयाचें राहिलें म्हणून पेपरमिंट पॅटी हळहळते, मग नाटक, मग दुसरेंच कांहीं. प्रत्येक चुटका सकाळीं चहाबरोबर वाचावयास चांगला. सलग बसून पाहणाऱ्या मुलाला मात्र आपण कोठें चाललों आहों हें कळत नाहीं. आमच्या त्या मुलाचा प्रश्न अगदीं बरोबर होता. जें सुरूच झालें नाहीं तें संपलें कधीं हें त्याला कसें समजावें?

दुसरें कारण सांगण्यापूर्वीं एका गैरसमजाचें निवारण करूं. ह्या चित्रपटांत नाताळच्या नाटकाचा प्रसंग आहे. मार्सीला मरियेचें काम मिळतें, पॅटीला मेंढीचें, आणि ती रुसते. सॅली देवदूत झाली आहे. तिला एकच शब्द म्हणावयाचा आहे, "हार्क", म्हणजे "ऐका". तिनें तो महिनाभर घोकला आहे, ऐन वेळीं तिच्या तोंडून निघतें, "हॉकी स्टिक!" आमच्या एका मित्रानें ह्याला पाखंड म्हटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या सभागृहांत एका वर्षीं योसेफ झालेल्या मुलाची दाढी गळून गव्हाणींत पडली, आणि दुसऱ्या वर्षीं एका राजानें ऊद आणावयाचा विसरून खिशांतला रुमाल अर्पण केला. लोक हंसले, बाळ येशूचा त्यांत कांहीं अपमान झाला नाहीं. खरी उणीव ही कीं, सॅलीच्या फजितीनंतर पुढें कांहीं येतच नाहीं. देवदूतानें ऐका म्हटलें असतें तरी ऐकवावयाचें काय होतें? १९६५ मध्येंही मुलें नाटकाच्या तालमींत वाटेल तो गोंधळ घालितात, पण त्या गोंधळाच्या मध्यें लायनस उभा राहतो, आणि मग तो सारा गोंधळ त्या दीड मिनिटाची वाट पाहत होता असें वाटतें. दुसऱ्या चित्रपटांत ज्याच्याभोंवतीं सगळें फिरावें असें स्थान शुभवर्तमानाला नाहीं.

त्यांतल्या एका चुटक्यासाठीं मात्र आम्हांस हळहळ वाटते. चार्ली ब्राउनला पेगी जीन नांवाच्या मुलीला हातमोजे द्यावयाचे असतात. पैसे नाहींत, म्हणून तो जिवापाड जपलेलीं आपलीं चित्रकथांचीं पुस्तकें विकतो, मोजे घेतो, आणि तेव्हांच त्याला कळतें कीं तिच्या आईनें तिला तसलेच मोजे आधींच घेतले आहेत. शेवटीं ते मोजे कुत्र्याला मिळतात. आपली प्रिय वस्तु देऊन टाकली आणि देणगी कोणाला नकोच झाली, ह्यांत पुऱ्या चित्रपटाचा ऐवज होता. शुल्झ ह्यांच्यासारख्या माणसाच्या हातून तो हंसण्यावारी गेला. थकले असतील. बेचाळीस वर्षें रोज एक चित्र काढणें ही लहान गोष्ट नव्हे. त्यांनीं त्यापुढेंही सात वर्षें काढलीं; १२ फेब्रुवारी २००० रोजीं ते वारले आणि त्यांचें अखेरचें रविवारचें चित्र दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत आलें.

पुढें २००२ व २००३ सालीं ए. बी. सी. वर ह्याच पात्रांचे आणखी दोन नाताळचे चित्रपट आले. पहिला तर जुना चित्रपट न कापतां दाखविल्यावर तासाची उरलेली जागा भरण्यासाठींच केला होता. त्यांविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं. मेलेंडेझ २००८ सालीं गेले. मेंडेलसन ह्यांस देवानें बोलाविलें तो दिवस २५ डिसेंबर २०१९, नाताळचाच.

येथवर दुसऱ्यांच्या निराशेची कथा झाली. आमच्याकडे बोट दाखविल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. जुन्या मंडळींस आठवत असेल कीं, आपल्या सभागृहांतील नाताळच्या कार्यक्रमांत पडदा उघडण्यापूर्वीं एक मूल उभें राहून संत लूक ह्यांचा दुसरा अध्याय वाचीत असे. ही चाल आमच्या आधींच्या धर्मगुरूंच्या काळापासूनची. ती आम्हीं बंद केली. तीन वर्षांपूर्वीं नाच चौदा बसविले होते, सांताक्लॉसची मिरवणूक होती, केकचें वाटप होतें, आणि रात्रींच्या मिस्सेची वेळ टळत होती. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुणांनीं विचारलें, काय गाळूं? आम्ही म्हणालों, वाचन गाळा, तें फार संथ जातें, मिस्सेंत शुभवर्तमान येणारच आहे. सी. बी. एस. च्या त्या अधिकाऱ्यांचा शब्द आम्हीं नंतर वाचला तेव्हां आमचेच कान तापले. कोणीं तक्रार केली नाहीं. एका वृद्ध बाईनें मात्र मिस्सेनंतर अंगणांत आम्हांस गांठून विचारलें कीं, यंदा पोरानें वाचलें नाहीं तें काय, आजारी पडलें होतें काय?

ह्या महोत्सवी वर्षापासून तें वाचन पुन्हां आरंभीं ठेविलें आहे, आणि नाच चौदाचे नऊ केले आहेत. ज्यांचे पांच गाळले त्या गटांच्या आया आमच्यावर रागावल्या आहेत. त्यांची समजूत घालणें चालू आहे. तबकडी धर्मगुरुनिवासांत आहे. ज्या घरांस पाहावयाची असेल त्यांनीं सांगून न्यावी; पहिला आंकडा १९६५ चा, दुसरा १९९२ चा, आणि आम्हीं त्यावर आतां शाईनें तसें लिहून ठेविलें आहे. वाचनासाठीं पांचव्या इयत्तेंतली एक मुलगी निवडली आहे. ती लायनसप्रमाणें मेंढपाळांपासून सुरुवात न करितां अध्यायाच्या पहिल्या वचनापासून करणार आहे, तेंही पाठ. रोज संध्याकाळीं रोझरीनंतर ती आमच्यापुढें म्हणून दाखविते. औगुस्त कैसर ठीक जातो. क्विरिनियपाशीं मात्र तिची जीभ अजून अडखळते.